टेलच्या रानाला पाणी, बाळाच्या मेंदूला रक्त

लागण, खोडवा आणि हुमणी यांपलीकडे आमची गाडी जात नाही, अशी सभासद बंधू-भगिनींची नेहमीची तक्रार. या खेपेस विषय नवजात बाळाच्या मेंदूचा आहे. उदाहरण मात्र पाटाच्याच पाण्याचे.

पाटाला दाब कमी झाला की पहिला फटका टेलवाल्याला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचेही तसेच. रक्तदाब फार उतरला की मेंदूतील पोकळ्यांलगतच्या भागाला आधी रक्त कमी पडते, कारण रक्तवाहिन्यांचे ते शेवटचे टोक. पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके तिथूनच जातात. म्हणून अशी काही मुले पुढे ताठ पायांनी, टाचा उचलून चालतात. अवघड किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण आणि हा ताठरपणा यांचा संबंध लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ सालीच मांडला होता.

मोठ्या माणसाचा दाब थोडा खालीवर झाला तरी मेंदू आपली दारे आपणच कमीजास्त उघडतो व रक्त सारखे ठेवतो. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला हे नीट जमत नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला, रक्त गेले, श्वास उशिरा लागला, की दाब उतरतो.

बरे, दाब घाईने चढवावा तर तेही धोक्याचे. कोरड्या चारीत एकदम पाणी सोडले की बांध फुटतो. या बाळांच्या मेंदूतील कोवळ्या रक्तवाहिन्याही तशाच फुटू शकतात. म्हणून डॉक्टर नुसता आकडा पाहत नाहीत. हातपाय गरम आहेत का, लघवी होते का, हेही पाहतात. नातेवाइकांनी "सलाईन जोरात सोडा" म्हणून मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाळाचे हातपाय गार, रंग फिका किंवा निळसर, अंग ढिले, दूध ओढत नाही, लघवी कमी, असे दिसले तर शेक-शेगडीत वेळ घालवू नये. उघडे बाळ आईच्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घालावे आणि १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

तोडणीच्या टोळीत दिवस भरत आलेली बाई असेल, तर जवळचा दवाखाना कोणता हे कोयता रानात शिरण्याआधीच सांगून ठेवावे. टोळी परमुलखातली असते, तिला रस्ता ठाऊक नसतो. रात्री कोपीवरून हाक आली तर मुकादमाची वाट न पाहता सभासदाने स्वतःच फोन लावावा.