हर्णैच्या समुद्रातून संसदेत

देवगिरीचा खंदक ओलांडताना किल्ल्याभोवतीच्या पाण्याचा धाक आपण संभाजीनगरकर लहानपणीच शिकतो. दापोलीजवळच्या हर्णै बंदरातून होडीनं सुवर्णदुर्गाकडे निघालं, की खंदकाच्या जागी अख्खा समुद्रच दिसतो. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव, तटावर मारुती, आत माजलेली झाडी.

या किल्ल्याच्या नावाचा एक मनोरा लंडनमध्ये शूटर्स हिलवर उभा आहे. त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. इंग्रजी जिभेवर सुवर्णदुर्गाचं झालेलं हे रूप. ज्याच्या आठवणीसाठी तो बांधला, तो विल्यम जेम्स वेल्समधल्या पेंब्रोकशायरचा दर्यावर्दी. 1747 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमारात आला आणि 1751 मध्ये त्या आरमाराचा प्रमुख झाला.

कोकणपट्टीवर तेव्हा आंग्र्यांची जरब होती. कान्होजींनी उभारलेलं आरमार त्यांचा मुलगा तुळाजी चालवत होता. तो कंपनीची जहाजं धरायचा आणि पेशव्यांनाही जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी त्याला नमवण्यासाठी थेट इंग्रजांशी हातमिळवणी केली. किनाऱ्यावर रामाजी महादेव यांच्या हाताखाली पेशव्यांची फौज आणि समुद्रात ‘प्रोटेक्टर’ जहाजावर जेम्स, अशी मोहीम ठरली. जेम्सनं किल्ल्याच्या अगदी जवळ जाऊन तोफा डागल्या. आतल्या दारूकोठाराचा स्फोट झाला आणि 2 एप्रिल 1755 रोजी सुवर्णदुर्ग पडला.

पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाची पाळी आली. तिथली टेहळणी जेम्सनं करून दिली, हल्ला अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी केला. नांगरलेल्या एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला.

घरचं भांडण मिटवायला बाहेरच्याला बोलावलं, आणि कोकणच्या समुद्रावर इंग्रजांना अडवू शकणारी सर्वांत मोठी मराठी ताकद आपणच मोडून टाकली. मला या हकिकतीत सलतं ते हेच. किल्ला पेशव्यांना मिळाला; समुद्र मात्र हातचा गेला.

जेम्सची कमान मात्र चढतच राहिली. 1759 मध्ये तो श्रीमंत होऊन मायदेशी परतला. 1768 मध्ये कंपनीचा संचालक झाला, 1774 मध्ये कॉर्नवॉलमधल्या वेस्ट लू मतदारसंघातून संसदेत गेला, 1778 मध्ये ‘सर’ झाला आणि 1779 मध्ये कंपनीचा अध्यक्ष. जहाजावरून हिंदुस्थान पाहिलेला माणूस आता लंडनमधून त्याचा कारभार हाकू लागला. 1783 च्या डिसेंबरात, मुलीच्या लग्नाच्याच दिवशी, तो वारला.

पत्नी अ‍ॅन हिनं वर्षभरात तो मनोरा उभारला: तीन बाजूंचा, विटांचा, 63 फूट उंच. दारावरच्या शिलालेखात सुवर्णदुर्गाचा किनारा ‘मलबार’ म्हटला आहे आणि विजयाचं सारं श्रेय जेम्सच्या शौर्याला दिलं आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पेशव्यांच्या फौजेचा त्यात उल्लेखही नाही.

आपल्या शाळांच्या सहली देवगिरीला हमखास जातात. एखादी बस हर्णैलाही न्यावी. कासवाच्या त्या पायरीवर मुलांना बसवून ही गोष्ट पूर्ण सांगावी: तोफा कुणाच्या होत्या, आणि त्यांना बोलावलं कुणी होतं.