मासळींतील व मांसांतील चरबी

पापलेट व सुरमई हे श्रीमंतांचे मासे आणि तारली व बांगडा हे गरिबांचे, असा समज आपल्या किनाऱ्यावर फार दिवसांचा आहे. पाहुणा आला म्हणजे ताटांत तारली वाढावयास गृहिणी संकोचते. चवीचा प्रश्न ज्याच्या त्याच्या जिभेचा. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु शरीरास काय मिळतें ह्या दृष्टीनें पाहिलें तर बाजारभाव हें गुणाचें माप नव्हे, आणि चरबीच्या बाबतींत तर तें कित्येकदां उलटें पडतें. असें कां व्हावें हें समजण्यासाठीं प्रथम चरबी ही वस्तु काय आहे हें पाहिलें पाहिजे.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल ह्यानें १८२३ सालीं प्राणिज चरबीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. साबणाचा अभ्यास करतां करतां त्याला आढळून आलें होतें कीं, चरबी ही एकजिनसी वस्तु नसून ग्लिसरीन आणि निरनिराळीं आम्लें ह्यांच्या संयोगानें ती झालेली असते. (चरबीचा हा अभ्यासक १०२ वर्षें जगला, हेंही येथें सांगून ठेवूं.) ह्या आम्लांस मेदाम्लें म्हणतात. चरबी कोणत्याही प्राण्याची असो, तिचे गुणावगुण ह्या मेदाम्लांवरून ठरतात.

मेदाम्ल म्हणजे मुख्यतः कर्बाच्या अणूंची एक साखळी. प्रत्येक कर्बाला चार हात आहेत अशी कल्पना करावी. दोन हातांनीं तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना धरतो व उरलेल्या दोन हातांत हायड्रोजनचे अणु असतात. असे सर्व हात भरलेले असले तर त्या मेदाम्लास संपृक्त म्हणतात. कोठें शेजारच्या दोन कर्बांजवळ एकेक हायड्रोजन कमी असला तर ते मोकळे राहिलेले हात एकमेकांत गुंफतात. हा दुहेरी बंध, आणि ज्यांत तो आहे तें मेदाम्ल असंपृक्त. ह्या बंधापाशीं साखळीला बांक येतो. सरळ काटक्यांची मोळी घट्ट बांधतां येते, वांकड्या काटक्यांची येत नाहीं. त्याचप्रमाणें संपृक्त मेदाम्लें एकमेकांस चिकटून लवकर थिजतात व असंपृक्त पातळ राहतात. १८ कर्बांचें स्टिअरिक आम्ल सुमारें ६९ अंश सेंटिग्रेडला वितळतें. तितक्याच कर्बांच्या, पण एक दुहेरी बंध असलेल्या ओलेइक आम्लाला १३-१४ अंश पुरतात. आणि माशांच्या तेलांत डीएचए नांवाचें जें २२ कर्बांचें व सहा दुहेरी बंधांचें मेदाम्ल आहे, तें शून्याखालीं ४० अंशांवरही थिजत नाहीं.

ह्याचा पडताळा घरींच पाहतां येईल. थंडीच्या दिवसांत मटणाचा रस्सा रात्रभर ठेवला तर सकाळीं त्यावर पांढरा थर धरलेला दिसतो. बांगड्याच्या कालवणावरील तेल मात्र तसेंच तरंगत असतें. फक्त कालवणांत नारळाचें वाटण घातलेलें नसावें. खोबरेल हें झाडाचें तेल खरें, पण त्यांतील बहुतेक मेदाम्लें संपृक्त असल्यामुळें तेंही थंडींत थिजतें व प्रयोग फसतो.

आतां माशाला हें पातळ तेल कोठून मिळतें? त्याचे खरे कारागीर म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पति. त्या सूर्यप्रकाशावर वाढतात व हीं लांब मेदाम्लें तयार करतात. बारीक जलचर त्यांना खातात, त्या जलचरांना मासे खातात. तारली तर ह्या सूक्ष्म वनस्पति स्वतःच पाण्यांतून गाळून गिळते. मासा हीं मेदाम्लें मुख्यतः खाऊन मिळवितो व सांठवितो. थंड पाण्यांत पेशींचीं आवरणें ताठून जाऊं नयेत म्हणून त्यांचा त्याला उपयोगही होतो. तळ्यांत पाळलेल्या माशाला धान्य व पेंड यांवरच वाढविलें तर त्याच्या तेलांत हीं मेदाम्लें कमी भरतात, तें ह्याच कारणानें.

शेळीची गोष्ट ह्याहून चमत्कारिक आहे. ती दिवसभर हिरवा पाला खाते, आणि पाल्यांतील मेदाम्लें बहुतांशीं असंपृक्त असतात. मग तिची चरबी इतकी घट्ट कां? रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटांत जो पहिला मोठा कप्पा असतो, त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात. ते चारा कुजवून जनावराला पचण्याजोगा करतात, आणि त्याच वेळीं असंपृक्त मेदाम्लांच्या मोकळ्या जागीं हायड्रोजन भरून टाकतात. म्हणून मेंढी काय, शेळी काय, कितीही चांगला चारा खावो, तिच्या चरबीवर त्याचा ठसा थोडाच उमटतो. कोंबडी व डुक्कर ह्यांना असा कप्पा नाहीं. त्यांनीं जें खाल्लें तें त्यांच्या चरबींत पुष्कळसें तसेंच दिसून येतें. मनुष्यानेंही विसाव्या शतकांत शेळीच्या पोटांतील हीच क्रिया कारखान्यांत केली व पातळ तेलापासून वनस्पति तूप काढलें. परंतु त्यांत कांहीं साखळ्या विपरीत आकाराच्या झाल्या, ज्यांना ट्रान्स मेदाम्लें म्हणतात. तीं हृदयास संपृक्त चरबीपेक्षांही अपायकारक ठरलीं, आणि भारतांत जानेवारी २०२२ पासून खाद्य तेलांत व तुपांत त्यांचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक असूं नये असा नियम झाला.

शरीराला मेदाम्लांची गरज केवळ उष्णतेपुरती आहे असें पूर्वीं मानीत. १९२९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड ह्यांनीं उंदरांना चरबी मुळींच नसलेलें अन्न दिलें. उंदरांच्या कातडीवर खवले धरले, वाढ खुंटली. कांहीं असंपृक्त मेदाम्लें शरीर स्वतः बनवूं शकत नाहीं व तीं अन्नांतूनच यावीं लागतात, हें त्यांवरून सिद्ध झालें. पुढें असेंही कळून आलें कीं, माशांच्या तेलांतील डीएचए हा आपल्या मेंदूचा व डोळ्याच्या आंतील पडद्याचा महत्त्वाचा घटक आहे. म्हणून गर्भवती मातेस व लहान मुलास त्याची विशेष आवश्यकता. जवसांत त्याच घराण्याचें एक आखूड मेदाम्ल विपुल असतें. पण शरीर त्याचें डीएचएमध्यें रूपांतर फार थोड्या प्रमाणांत करतें. शाकाहारी कुटुंबांनीं जवसाची चटणी अवश्य खावी, परंतु ती माशाची पूर्ण बरोबरी करील असें आम्हांस म्हणवत नाहीं.

१९७० नंतरच्या दशकांत बँग व डायरबर्ग ह्या डेन्मार्कच्या संशोधकांनीं ग्रीनलंडच्या एस्किमो लोकांचें रक्त तपासलें. सील व मासे ह्यांच्या चरबीवर राहणाऱ्या ह्या लोकांच्या रक्तांत गुठळी होण्याची प्रवृत्ति कमी दिसली. तेव्हांपासून माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा मोठा व्यापार सुरू झाला. त्या गोळ्यांच्या चांचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहींत. आमच्या मतें ज्याच्या दारावरून मासळीची पाटी जाते, त्यानें बाटलीवर पैसे घालण्याचें कारण नाहीं. दोन जागतिक संघटनांच्या, म्हणजे अन्नसंघटना व आरोग्यसंघटना ह्यांच्या, तज्ज्ञांनीं प्रौढ मनुष्यासाठीं डीएचए व त्याचा सोबती ईपीए मिळून दिवसास निदान २५० मिलिग्रॅम सुचविले आहेत. पावसाळ्यानंतर पुष्ट झालेल्या तारलीच्या १०० ग्रॅम मांसांतून त्याच्या कित्येक पट मिळतात. हंगाम पाहणें महत्त्वाचें, कारण तीच तारली रोडावली कीं तिच्यांतील तेल अगदीं थोडें उरतें. ओल्या बोंबलांत बहुतेक पाणीच, तेल नांवाला. पापलेटांतही हीं मेदाम्लें आहेत. परंतु त्याची किंमत त्याच्या मऊ, थोड्या कांट्यांच्या मांसाची असते, तेलाची नसते. कांहीं मासे आपलें तेल मांसांत न ठेवतां यकृतांत ठेवतात. कॉड व मुशी हे त्यांतले. दुसऱ्या महायुद्धांत कॉडचें तेल परदेशांतून येणें कठीण झालें तेव्हां आपल्याकडे मुशीच्या यकृताचें तेल काढून तें मुलांस देत. मुशीचें मांस मात्र वारंवार खाऊं नये. मोठ्या शिकारी माशांच्या अंगांत पारा सांठत जातो, लहान माशांत तो फार कमी असतो.

ह्यावरून मटण टाकाऊ असें कोणी समजूं नये. त्यांतील लोह शरीरास सहज लागू पडतें व बी-१२ हें जीवनसत्त्वही त्यांत भरपूर असतें. बकऱ्याच्या चरबींतील स्टिअरिक आम्ल रक्तांतील कोलेस्टेरॉल फारसें वाढवीत नाहीं. तें काम पामिटिक आम्ल करतें, आणि तेंही तिच्यांत असतें. दिसणारी चरबी कापून काढली म्हणजे बराच दोष गेला. कोंबडीची बहुतेक चरबी कातडीखालीं असते, तेव्हां कातडी काढली कीं काम झालें. खरी अडचण आंतड्यांत भरलेल्या मसालेदार मांसाची. गोव्याच्या चोरीसांत डुकराचें मांस व चरबी हीं तुकडे करून एकत्र भरतात. खाणाऱ्याला किती चरबी पोटांत गेली हें कळत नाहीं, आणि मीठ तर असतेंच.

माशाच्या तेलाचा जो गुण तोच त्याचा दोषही आहे. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कर्बावर हवेंतील प्राणवायु त्वरित हल्ला करतो आणि तेल खवट होतें. बर्फानें हें काम मंदावतें, थांबत नाहीं. म्हणून गोठवून ठेवलेला तेलकट मासा सुक्या अंगाच्या माशापेक्षां लवकर बिघडतो. उन्हांत वाळविलेल्या खाऱ्या बांगड्याला पिवळट झांक व उग्र वास आला म्हणजे त्याचें तेल गेलें असें समजावें. प्रथिनें त्यांत राहतात, पण ज्यासाठीं बांगडा घ्यावयाचा तें उरत नाहीं.

रांधण्याविषयीं दोन शब्द. तेलांत बुडवून तळलेला मासा आपलें थोडें तेल कढईंत सोडतो व कढईंतलें तेल आंत घेतो. सुका मासा तर अधिकच घेतो. आणि कढईंतील तेल दहा वेळां तापविलेलें असलें तर विचारूंच नका. कालवणांत सुटलेलें तेल रश्शांतच राहतें. कोकणांत बांगड्याच्या कालवणांत हळद, तिरफळ व कोकम घालतात. हळद तेलास खवट होण्यापासून कांहीं अंशीं जपते, आणि कोकमाच्या आंबटपणानें वास देणारीं द्रव्यें बांधलीं जातात. तारली स्वस्त आली असेल त्या दिवशीं ती ताजी आणून त्याच दिवशीं शिजवावी, आणि मुलांनीं मासा खाऊन रस्सा ताटांत टाकला तर तो भातावर ओतून संपवावयास सांगावें.