उल्हासच्या काठावरची मोजणी

मे महिन्याच्या अखेरीला कल्याणजवळच्या मोहने बंधाऱ्यावर उभं राहिलं की एक प्रश्न पडायला हवा. शेवटचा पाऊस होऊन सात महिने उलटलेले असतात. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून उतरणाऱ्या बहुतेक नद्या तोवर डबक्यांवर आलेल्या असतात, कारण तिथल्या काळ्या बेसाल्टमध्ये पाणी मुरायला आणि साठायला जागाच थोडी. मग उल्हास वाहते कशी? आणि तीही इतकी, की बदलापूर, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीची तहान भागवून ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरलाही तिचं पाणी पुरावं?

अर्धं उत्तर घाटावर आहे. मावळात आंध्रा नावाची छोटी नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे आंध्रेच्या पाण्याची वाट देहू, आळंदी, पंढरपूर करत थेट बंगालच्या उपसागराकडे जाणारी. १९२२ साली टाटांनी या नदीवर ठोकरवाडीचं धरण पुरं केलं आणि साठलेलं पाणी पूर्वेऐवजी पश्चिमेला वळवलं. डोंगरातून, मग प्रचंड नळांतून ते कड्याखाली भिवपुरीच्या वीजघरात कोसळतं, चक्रं फिरवतं आणि बाहेर पडून पेज नदीत येतं. पेज उल्हासला मिळते. चंद्रभागेत जायचं पाणी डोंबिवलीच्या नळाला येतं ते असं. मुंबईसाठी वीज तयार झाली की पेजेला पाणी येतं, पेजेला पाणी आलं की उल्हास वाहती राहते. शंभर वर्षं हे चाललं आहे, आणि मला तरी कोकणच्या भूगोलातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

उरलेलं उत्तर बारवी. मुरबाडच्या वाटेवरचं हे धरण एमआयडीसीने मुळात कारखान्यांसाठी बांधलं. १९७२ पासून टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढत गेली. आज ते ७२.६० मीटर पातळीला भरतं आणि त्यात सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. पातळी त्यावर गेली की दरवाजे पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडतात. बारवीतून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून जांभूळपर्यंत येतं आणि तिथे उचललं जातं. एरवी ज्याला पाइपलाइन लागली असती, ते काम नदी करते.

म्हणूनच ऑक्टोबर सरला की जलसंपदा विभागाला हिशेबाला बसावं लागतं. आंध्रेत किती, बारवीत किती, उन्हात वाफ होऊन किती जाईल, रोजचा उपसा किती, आणि हे सगळं जुलैच्या मध्यापर्यंत पुरेल का. पावसाळा जूनमध्ये सुरू होतो, पण हिशेब जुलैपर्यंतचा करायचा, कारण मृगाने दगा दिला तर काय? तूट निघाली की आठवड्यातून एखादा दिवस पाणी बंद. डोंबिवलीकर आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवतात आणि वैतागतात. पण त्या बंदचा आकडा निघतो तो मोजणीतून, आणि ती मोजणी कशी होते हे बघण्यासारखं आहे.

वाहत्या पाण्याचं माप काढायचं म्हणजे दोन गोष्टी हव्यात: पात्राचा आडवा छेद आणि प्रवाहाचा वेग. छेद दोरी आणि दांडीने मोजता येतो. पण वेग कुठला धरायचा? तळाशी पाणी दगडांना घासत रेंगाळतं, वर पळतं. इथे निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. पृष्ठभागापासून खाली एकूण खोलीच्या सहा-दशांशावर जो वेग सापडतो, तो त्या जागेच्या वरपासून तळापर्यंतच्या सरासरी वेगाच्या अगदी जवळ असतो. म्हणजे अर्धा मीटर पाणी असेल तर तीस सेंटीमीटरवर एकदा मोजलं की काम झालं. पाणी खोल असलं तर दोन-दशांश आणि आठ-दशांशावर मोजून सरासरी काढतात. छोट्या वाट्या लावलेलं प्रवाहमापक चक्र त्या खोलीवर सोडायचं, ठरावीक सेकंदांत ते किती फिरलं ते मोजायचं, मग पुढच्या पट्ट्यात सरकायचं. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे विसर्ग. असे विसर्ग वेगवेगळ्या पातळ्यांना मोजले की पातळी आणि विसर्ग यांचं नातं कळतं. त्यानंतर रोज चक्र सोडायची गरज उरत नाही, काठावरची मोजपट्टी वाचली तरी पुरतं.

बदलापूरच्या लोकांना ती पट्टी पाठ आहे. १६.५० मीटरला इशारा, १७.५० मीटरला धोका. २७ जुलै २०१९ ला उल्हासने रूळ गिळले आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. उन्हाळ्यात कपात ठरवताना ज्या नदीचा थेंब थेंब मोजायचा, तिलाच पावसाळ्यात असं मोजावं लागतं. १२२ किलोमीटर लांबीची ही नदी, पण ४,६३७ चौरस किलोमीटरचं पाणी गोळा करते.

इथवर झालं किती पाणी आहे ते. ते कसं आहे, हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झालं, केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये येण्याच्याही आधी. राष्ट्रीय जलगुणवत्ता कार्यक्रमाखाली मंडळाची माणसं उल्हासचे नमुने घेतात: बदलापूरच्या पाणीपुरवठा केंद्राच्या वर, जांभूळला, आणि मोहन्याला बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. जागा नीट पाहिल्या तर त्यांच्यात एक गोष्ट दडलेली दिसते. नदी जसजशी खाली येते तसतशी तिच्यात गावं मिसळत जातात. बदलापूर मागे पडतं, वस्त्या आणि कारखाने लागतात. उल्हासनगरच्या खेमाणी नाल्याचं सांडपाणी नदीत जाऊ नये म्हणून ते वळवण्याची योजना तिथल्या महापालिकेला हाती घ्यावी लागली, कारण याच पट्ट्यात पिण्याचं पाणी उचललं जातं. जिथे नमुना भरतात तिथून कल्याण-डोंबिवलीच्या मोहिली, बारावे, नेतिवली या जलशुद्धीकरण केंद्रांचं पाणी लांब नाही.

नमुना घेण्यातला माझा आवडता भाग विरघळलेल्या ऑक्सिजनचा. मासे आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात, फक्त पाण्यात विरघळलेला. तीस अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. नखावरच्या मिठाच्या कणांएवढं वजन, आणि त्यावर अख्खी नदी जगते. ते मोजायची रीत लायोस विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधली आणि आजही ती वापरतात. काचेची बाटली पाण्यात बुडवून अशी भरायची की आत एकही बुडबुडा राहू नये, कारण बुडबुडा म्हणजे हवा आणि हवा म्हणजे खोटा ऑक्सिजन. मग काठावरच, तिथल्या तिथे, मँगनीज सल्फेटचे आणि अल्कलीयुक्त आयोडाइडचे थेंब बाटलीच्या तळाकडे सोडायचे. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. आत गाळ धरतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. प्रयोगशाळा दूर असते, यंत्र एकही नसतं, आणि तरी नदीत जीव आहे की नाही हे नुसत्या रंगावरून काठावर कळतं.

पुढे आम्ल घातलं की गाळ विरघळून पाणी सोनेरी होतं. प्रयोगशाळेत त्यात सोडियम थायोसल्फेट थेंब थेंब सोडतात. सोनेरी रंग फिका पडत आला की स्टार्च घालतात, पाणी गडद निळं होतं, आणि मग एका थेंबासरशी तो निळा रंग नाहीसा होतो. तो थेंब कितवा, यावर ऑक्सिजन ठरतो.

दुसरी चाचणी बीओडीची. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन वापरतात. म्हणून पाणी बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचं आणि काही दिवसांनी किती ऑक्सिजन संपला ते पाहायचं. किती दिवस, याला एक मजेदार इतिहास आहे. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने १९१२ च्या अहवालात पाच दिवस धरले. असं सांगतात की तिकडच्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, म्हणून त्याच्या पुढची चिंता नको. जगाने तो आकडा उचलला, आणि तापमान वीस अंश ठरवलं. पण आपल्या नद्या वीस अंशांच्या नाहीत. भारतीय मानकात आता सत्तावीस अंशांवर तीन दिवस ठेवतात. आपल्या उन्हात जिवाणू लवकर जेवण उरकतात, म्हणून मुदतही कमी. असा बदल करणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

तिसरी कोलिफॉर्मची. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे हे जिवाणू. ते स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात, पण ते पाण्यात सापडले की मैला तिथवर पोचला असावा अशी शंका घ्यावी लागते. लॅक्टोजच्या द्रावणाच्या नळ्यांत पाण्याचे कमी-जास्त भाग घालतात, आत एक इवली नळी उलटी बुडवलेली असते. जिवाणू असले तर साखर आंबवून वायू सोडतात आणि उलट्या नळीत बुडबुडा अडकतो. किती नळ्यांत बुडबुडा आला यावरून गणिताने अंदाज बांधतात की १०० मिलिलिटरमध्ये बहुधा किती जिवाणू असतील. म्हणजे कोणी जिवाणू प्रत्यक्ष मोजलेला नसतो, आकडा संभाव्यतेने काढलेला असतो, आणि त्यावर पाण्याचा वर्ग ठरतो. नेहमीच्या प्रक्रियेनंतर पिण्यालायक म्हणायचं तर ऑक्सिजन किमान ४, बीओडी जास्तीत जास्त ३, आणि कोलिफॉर्म ५,००० च्या आत.

हे आकडे फायलीत पडून राहत नाहीत. 'वनशक्ती' संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने जुलै २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल काठावरच्या पालिका आणि इतरांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड सांगितला. नदी काळी झाली असं म्हणणं ही तक्रार असते, बीओडी इतकं आहे असं म्हटलं की तो पुरावा होतो. वालधुनीचं नाव त्यात आलं याचं मात्र वाईट वाटतं. अंबरनाथचं १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर तिच्याच काठी उभं आहे.

तरी या पद्धतीत एक उणीव मला सतत खटकते. नदीतला ऑक्सिजन दिवसभर एकसारखा नसतो. उन्हात पाण्यातली शेवाळं ऑक्सिजन सोडतात, दुपारी तो सगळ्यात जास्त असतो. रात्री तीच शेवाळं, मासे, जिवाणू सगळे मिळून तो संपवतात, आणि पहाटे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी होतो. मासे मरतात ते बहुधा तेव्हा. नमुना मात्र ऑफिसच्या वेळेत भरतात. त्यात मोहन्याजवळ उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर वाढतो, हवेचा आणि पाण्याचा संबंध तोडतो आणि कुजताना आणखी ऑक्सिजन खातो. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी घेतलेल्या बाटलीत हे सगळं येणं शक्य नाही. चोवीस तास नोंद घेणारे संवेदक या पट्ट्यात बसवून त्यांचे आकडे लोकांना दिसतील असं करणं ही चैन नाही, लाखो माणसांच्या पिण्याच्या पाण्याची गरज आहे.

जमिनीखालच्या पाण्याचं खातं आणखी वेगळं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये. शहापूर-मुरबाडच्या विहिरींचे आकडे वाचताना जीव तुटतो. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं ज्या तालुक्यात आणि आसपास, तिथेच उन्हाळ्यात टँकर फिरतात, कारण बेसाल्टने पाणी धरलेलं नसतं.

कल्याण तालुक्यातल्या गावांत आणखी एक साधी पण हुशार पद्धत आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून रंगीत कार्ड देतात. धोका मोठा असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, नसेल तर हिरवं. सलग पाच वर्षं साथ आली नाही तर चंदेरी कार्ड. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालणारा जलसुरक्षक गावातलाच असतो, आणि कार्ड लाल झालं तर विचारणारेही गावातलेच.

शहरात हे काम ओटी टेस्टचं. पाणी नळीत घ्यायचं, ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन शिल्लक आहे, म्हणजे वाटेत गळतीतून काही आत शिरलं असलं तरी त्याचा बंदोबस्त करायला थोडं उरलं आहे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे. जलशुद्धीकरण केंद्राच्या दारात ते असतंच. खरी परीक्षा होते ती वाहिनीच्या टोकाला, चढावरच्या चाळीत, जिथे पाणी सगळ्यात उशिरा पोचतं. म्हणून नमुना शेवटच्या नळाचा घ्यायचा असतो, आणि तो तसाच घेतला का, हे पालिकेच्या पाणी खात्याला विचारायचा हक्क त्या चाळीतल्या कोणालाही आहे.