बारसे झालेला, पण नसलेला पर्वत

पर्वत आधी सापडतो आणि मग त्याचे बारसे होते, हा नेहमीचा क्रम. आर्क्टिक प्रदेशात मात्र एका पर्वतरांगेचे बारसे झाले, ती नकाशावर चढली, आणि रांग मुळी जन्मालाच आलेली नव्हती!

१८१८ साली ब्रिटिश आरमाराचा कप्तान जॉन रॉस दोन जहाजे घेऊन वायव्य मार्गाच्या शोधास निघाला. कॅनडाच्या उत्तरेकडील लँकेस्टर साऊंड या सामुद्रधुनीत शिरल्यावर, ३१ ऑगस्ट रोजी, समोर डोंगरांनी वाट अडविलेली त्याला दिसली. आरमारखात्याचा चिटणीस क्रोकर याचे नाव त्याने त्यांना दिले (वरिष्ठाला खूष करण्याची ही तेव्हाची स्वस्त रीत!) आणि जहाजे माघारी वळविली. दुसऱ्या जहाजाचा प्रमुख पॅरी याला ते डोंगर दिसले नव्हते. १८१९ मध्ये तोच पुन्हा त्या वाटेने गेला आणि डोंगरांच्या जागेवरून सरळ पार झाला.

मग रॉस खोटे बोलला काय? तसे मानण्याचे कारण नाही. वाळवंटात जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, म्हणून आकाशाची छाया खाली पडून पाण्याचा भास होतो, हे आपण जाणतो. आर्क्टिकमध्ये याच्या नेमके उलट घडते. बर्फालगतची हवा थंड व दाट, वरची उबदार. त्यामुळे प्रकाशकिरण खाली वाकतात आणि क्षितिजावरचा सपाट बर्फ उंच ताणला जाऊन कड्यासारखा उभा दिसतो.

आरमाराने रॉसला पुन्हा उत्तरेकडे धाडले नाही. १८२९ मध्ये तो खाजगी पैशाने गेला, चार हिवाळे बर्फात अडकला, आणि १८३३ मध्ये त्याला वाचविणारे देवमाशांच्या शिकारीचे जहाज निघाले त्याचेच जुने ‘इसाबेला’!

पुढे १९०६ मध्ये अमेरिकन संशोधक पिअरीने ध्रुवसमुद्रात दूरवर भूमी पाहिल्याचे लिहून तिला आपल्या धनिक आश्रयदात्याचे, क्रॉकरचे, नाव दिले. नावांचे साम्य योगायोगाचे. १९१४ मध्ये मॅकमिलन तिच्या शोधात निघाला, तेव्हा समोरच्या टेकड्या म्हणजे धुके आहे, असे पिउगातोक या इनुइट वाटाड्याने सांगितले. तेच खरे ठरले. त्याच मोहिमेत फिट्झह्यू ग्रीन या सहकाऱ्याने पिउगातोकला गोळी घातली. ग्रीनवर खटला कधीच झाला नाही.

लँकेस्टर साऊंडच्या उत्तर तीरावर डेव्हन बेटाचे खरेखुरे कडे आहेत. त्यांवरील उभ्या घळी दुरून स्त्रीच्या हनुवटीवरील गोंदणासारख्या दिसतात, म्हणून इनुइट लोक त्या बेटाला ताल्लुरुतित म्हणतात. तेथील समुद्र राखून ठेवण्याचा करार २०१९ साली झाला, तो याच नावाने: ताल्लुरुतिउप इमांगा.