दाखल रुग्णाचा सांधा अचानक सुजला तर?

हृदयविकार किंवा शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा गुडघा दोन-तीन दिवसांनी अचानक सुजतो, लाल होतो, तापही येतो. 'वातच आहे' म्हणत नातेवाईक मलम चोळतात. कोल्हापुरात सीपीआर असो वा खासगी रुग्णालय, अशा वेळी डॉक्टरांना लगेच सांगा.

कारणे कोणती?
■ गाऊट : शस्त्रक्रिया, शरीरातील पाणी कमी होणे किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यामुळे त्रास उसळतो. युरिक ॲसिडचे बारीक स्फटिक सांध्यात दाह करतात. दोष फक्त तांबड्या रश्श्याचा नसतो.
■ जंतुसंसर्ग : सांध्यात पू झाल्यास काही दिवसांतच कूर्चा झिजते.

निदान कसे होते?
दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात. त्यामुळे सुईने सांध्यातील पाणी काढून तपासतात, शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी. त्रास उसळलेला असताना रक्तातील युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकते. फक्त त्या रिपोर्टवर विसंबू नये.

नातेवाइकांनी काय करावे?
■ घरून आणलेली वेदनाशामक गोळी परस्पर देऊ नका. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.
■ संधिवाताचा जुना रुग्ण असेल तर सगळ्या औषधांची चिठ्ठी दाखवा.
■ संधिवातावरील मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज दिल्यास जिवावर बेतू शकते.
■ बरेच दिवस सुरू असलेले स्टेरॉइड अचानक थांबवू नका. रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.