जुना कर्णधार : ठेवायचा की निरोप द्यायचा?

तुडील (ता. महाड) : महाडच्या खाडीपट्ट्यातील तुडील असो वा पोलादपूरच्या डोंगरातील एखादी वाडी, उन्हाळ्यात मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेली मंडळी गावी परतली की कबड्डीचे वेध लागतात आणि त्याबरोबर एक जुना वादही नव्याने रंगतो. पंधरा वर्षे गावाच्या नावाने चढाया केलेल्या खेळाडूला यंदाही सातजणांत घ्यायचे, की त्याच्या जागी दहावी-बारावीतल्या चपळ पोराला उतरवायचे? 'त्याच्याशिवाय संघ सांभाळणार कोण?' असे एक बाजू म्हणते. 'तो बाजूला झाल्याशिवाय दुसरा तयार होणार कसा?' असा दुसऱ्या बाजूचा सवाल असतो. दोन्ही प्रश्न रास्त असल्याने वाद मिटत नाही आणि अखेरीस निर्णय बहुतेक वेळा भिडेपोटी किंवा रागाच्या भरात होतो.

हाच प्रश्न २०१८च्या मे महिन्यात मुंबईच्या यू मुंबा संघापुढे उभा होता. तेथे भीड नव्हती, पैशाचा आणि गुणांचा चोख हिशेब होता. त्यामुळे ज्येष्ठ खेळाडूबाबतचा निर्णय कसा घ्यावा आणि तो घेताना नेमके काय निसटते, हे समजून घेण्यास अनुप कुमारचे उदाहरण उपयोगी पडते.

चार वर्षांचा चढउतार

हरयाणाचा अनुप कुमार २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामापासून यू मुंबाचा कर्णधार होता. त्या हंगामात त्याने चढाईचे १५५ गुण मिळवून सर्व संघांतील चढाईपटूंना मागे टाकले. मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मात्र जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला ३५-२४ असे हरवले. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, बेंगळुरू बुल्सवर ३६-३० अशी मात करून यू मुंबाने अजिंक्यपद मिळविले. २०१६च्या मार्चमध्ये सलग तिसऱ्यांदा अंतिम फेरी गाठूनही पाटणा पायरेट्सकडून २८-३१ अशी निसटती हार पत्करावी लागली.

त्यानंतर उतार सुरू झाला. चौथ्या हंगामात संघ प्रथमच उपांत्य फेरीबाहेर राहिला. २०१७च्या पाचव्या हंगामापूर्वी प्रत्येक संघाला एकच खेळाडू कायम ठेवता येणार होता, तेव्हा यू मुंबाने निःशंकपणे अनुपचे नाव दिले. परंतु त्याही वर्षी बाद फेरी हुकली. २०१८ मध्ये नियम सैल झाले आणि अधिक खेळाडू राखण्याची मुभा मिळाली, तरी यू मुंबाने कोणालाच न राखता नव्याने संघ बांधण्याचे ठरविले. वयाच्या ३४व्या वर्षी अनुप लिलावात आला. जयपूरने त्याला ३० लाख रुपयांना घेऊन कर्णधारपद दिले.

या निर्णयाची चर्चा बहुधा 'कृतघ्नपणा' विरुद्ध 'व्यवहार' अशा दोन शब्दांत केली जाते. खेळ जवळून पाहिला तर प्रश्न इतका सरळ राहत नाही.

एक माणूस, दोन कामे

अनुपसारखा खेळाडू संघात दोन वेगवेगळी कामे करतो. पहिले काम गुण मिळविण्याचे. दुसरे काम खेळ चालविण्याचे : कोणी कधी चढाईला जायचे, आघाडी असताना वेळ कसा काढायचा, समोरचा हुकमी चढाईपटू बाहेर बसला असताना घाई करायची की थांबायचे, हे ठरविणे. वयाचा परिणाम पहिल्या कामावर आधी होतो. पायांतला वेग ओसरतो, घोट्याची पकड चुकविण्यास लागणारा क्षणाचा अवधी कमी पडू लागतो. दुसरे काम मात्र अनुभवाने सुधारत जाते. एकाच माणसाच्या अंगी एक आलेख उतरणारा आणि दुसरा चढणारा असतो. वाद घालणारे दोन पक्ष प्रत्यक्षात यांपैकी एकेक आलेखच पाहत असतात.

कबड्डीत ही गुंतागुंत अधिक आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार लवकर बाद झाला तरी क्षेत्ररक्षणाला तो मैदानात असतोच. कबड्डीत बाद झालेला कर्णधार सहकाऱ्याने गुण मिळवून उठवेपर्यंत बाहेर बसून राहतो. तो चढाईपटू असेल तर दर चढाईला हा धोका पत्करूनच मध्यरेषा ओलांडतो. म्हणजे ज्येष्ठ कर्णधाराने पूर्वीइतक्याच चढाया करण्याचा हट्ट धरला, तर संघ गुण आणि नेतृत्व दोन्ही एकाच वेळी गमावून बसतो. त्याने कमी चढाया केल्या, तर तो मॅटवर अधिक वेळ राहतो, पण गुणांचा भार तरुणांवर पडतो.

बोनस गुणाचेही असेच आहे. अनुप बोनस घेण्यात वाकबगार मानला जाई. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना बोनसरेषेला पाय टेकवून येणे, ही ताकदीपेक्षा नजर आणि तोल यांची कला आहे. म्हणूनच ती उतारवयातही टिकते. परंतु बोनस गुणाने बाहेर बसलेला सहकारी उठत नाही. धावफलक हलता राहतो, मॅटवरची माणसे मात्र वाढत नाहीत. प्रतिस्पर्ध्यावर लोण चढविण्यासाठी गडी टिपावेच लागतात. जुन्या खेळाडूच्या नावापुढे गुण दिसत असूनही संघ मागे का पडतो, याचे एक उत्तर येथे सापडते.

आकड्यांची साक्ष

अनुपने प्रो कबड्डीत एकूण ९१ सामन्यांत चढाईचे ५२७ गुण मिळविले. पहिल्या हंगामातील १६ सामन्यांत १५५ गुण, म्हणजे सामन्यामागे साधारण साडेनऊहून अधिक. उरलेल्या ७५ सामन्यांत ३७२ गुण, म्हणजे सामन्यामागे जेमतेम पाच. पहिल्या कामाचा आलेख जवळपास निम्म्यावर आला होता, हे नाकारता येणार नाही.

परंतु याच काळातील दुसरे चित्रही पाहिले पाहिजे. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला झालेल्या विश्वचषकात अनुप भारताचा कर्णधार होता. सलामीलाच दक्षिण कोरियाने भारताला ३४-३२ असा धक्का दिला. अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण १८-१३ असा पुढे होता. उत्तरार्धात भारताने सामना फिरवून ३८-२९ असा विजय मिळविला. त्या दिवशी चढाईत सर्वाधिक १२ गुण अजय ठाकूरचे होते, कर्णधाराचे नव्हते. गुण घेणारा दुसरा कोणी असेल, तर ३३व्या वर्षाकडे झुकलेला कर्णधार संघाला पुरेपूर उपयोगी पडतो, हे त्या सामन्याने दाखविले. यू मुंबात नेमकी याच जोडीदाराची उणीव राहिली असेल, तर दोष केवळ कर्णधाराच्या वयाला देणे न्याय्य ठरत नाही.

सोडल्यावर काय झाले?

अनुपला सोडल्यावर यू मुंबाने इराणचा कोपरारक्षक फझल अत्राचलीला एक कोटी रुपये मोजून परत आणले आणि त्याच्याकडे नेतृत्व सोपविले. अहमदाबादच्या अंतिम सामन्यात पराभूत इराणी संघात तो होता. चढाईसाठी कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई हा नवखा खेळाडू ३६ लाख ४० हजारांत मिळाला. अनुपच्या दोन कामांची अशी दोन माणसांत वाटणी झाली. सिद्धार्थने पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण मिळविले आणि संघ पुन्हा बाद फेरीत पोहोचला. तिकडे जयपूरला बाद फेरी गाठता आली नाही. १९ डिसेंबर २०१८ रोजी, हंगाम सुरू असतानाच, अनुपने निवृत्ती जाहीर केली.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर यू मुंबाचा निर्णय अचूक ठरतो. पण गोष्ट पुढेही आहे. ज्या सिद्धार्थमुळे नवा संघ उभा राहिला, त्यालाही पुढच्या वर्षी राखण्यात आले नाही. २०१९च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला एक कोटी ४५ लाखांना घेतले. यू मुंबाने त्या वर्षी उपांत्य फेरी गाठली, तेथे बंगाल वॉरियर्सकडून ३५-३७ अशी हार झाली. लीगच्या पहिल्या १२ हंगामांत मुंबईच्या नावावर २०१५चे एकमेव अजिंक्यपद आहे. जुन्याला वेळेवर निरोप देणे हे अर्धे काम झाले. त्याच्या जागी आलेल्याला रुजू देणे हे उरलेले अर्धे.

बास्केटबॉलचे दोन दाखले

असाच वाद अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये 'पॉइंट गार्ड'बाबत वर्षानुवर्षे चालतो. चेंडू आपल्या बाजूकडून पुढे नेणारा आणि हल्ला कोठून, कोणाकडून करायचा हे ठरविणारा हा खेळाडू. कबड्डीतल्या चढाईपटू-कर्णधाराप्रमाणे त्याच्याकडेही गुण मिळविणे आणि खेळ चालविणे ही दोन कामे असतात.

डॅलस मॅव्हरिक्स या एकाच संघाने या निर्णयाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या. २००४ मध्ये तिशीत असलेल्या स्टीव्ह नॅशला त्यांनी जाऊ दिले. दीर्घ मुदतीचा मोठा करार त्याचे शरीर पेलेल का, ही शंका होती. फिनिक्स सन्सने त्याला घेतले आणि २००५ व २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो साऱ्या लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. याच डॅलसने २००८ मध्ये चौतिशीतील जेसन किडला परत आणले. २०११ मध्ये मायामी हीटला हरवून संघाने पहिले अजिंक्यपद मिळविले, तेव्हा किड ३८ वर्षांचा होता. त्या हंगामात त्याची गुणांची सरासरी दोन आकडीही नव्हती. गुणांसाठी डर्क नोवित्स्की होता. किडने खेळ चालविण्याचे काम केले.

तिशीतला सोडून चुकलेला आणि अडतिशीतल्याला घेऊन जिंकलेला संघ एकच, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जन्मतारीख पाहून हा निर्णय करता येत नाही.

तीन कसोट्या

या साऱ्या उदाहरणांतून तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, संघाला त्या खेळाडूकडून यंदा कोणते काम हवे आहे? गुण हवे असतील तर गेल्या दोन हंगामांतील गुणच पाहावेत, दहा वर्षांपूर्वीचा चषक नव्हे. खेळ चालविणारा हवा असेल, तर केवळ गुणफलक पाहून त्याला वगळू नये.

दुसरी, त्याच्या शेजारी कोण आहे? भरवशाचा तरुण चढाईपटू असेल, तर ज्येष्ठ खेळाडूला मोजक्या चढायांवर ठेवता येते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर येणारी निर्णायक तिसरी चढाई किंवा शेवटच्या पाच मिनिटांतील वेळकाढूपणा, अशी कामे त्याला द्यावीत. असा तरुण संघात नसेल तर ज्येष्ठाला ठेवूनही प्रश्न सुटत नाही, फक्त एक वर्ष पुढे ढकलला जातो.

तिसरी आणि सर्वांत अवघड कसोटी खुद्द खेळाडूची. कमी चढाया, प्रसंगी राखीव खेळाडूंत बसणे, आपल्या हाताखालच्या पोराला कर्णधार म्हणून मानणे, हे त्याला मान्य आहे का? मान्य नसेल, तर त्याचा अनुभव संघाला मिळतच नाही. याविषयी त्याच्याशी हंगामाआधी मोकळेपणाने बोलणे हे संघ चालविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. यादी लावल्यावर नाव नाही, हे त्याला चव्हाट्यावर कळणे हा निरोपाचा सर्वांत वाईट प्रकार होय.

गावापुरता विचार

व्यावसायिक संघाला चूक झाली तर पुढच्या लिलावात ती दुरुस्त करता येते. गावच्या संघाला लिलाव नसतो. जी पोरे गावात आणि मुंबईतल्या गाववाल्यांत आहेत, त्यांतूनच सातजण निवडायचे असतात. त्यामुळे तुडीलसारख्या गावात जुन्या खेळाडूला दुखावून घालविणे अधिक महागात पडते आणि तरुणाला चार वर्षे बाहेर बसविणेही तितकेच महागात पडते. कंटाळलेला पोरगा कबड्डी सोडून टेनिस चेंडूच्या क्रिकेटकडे वळला, तर परत येत नाही.

अनुपच्या कहाणीचा शेवट येथे उपयोगी आहे. निवृत्तीनंतर तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. त्याच्या कारकिर्दीत, २०२१-२२च्या हंगामात, अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार या तरुणाला पुण्याकडून प्रथम संधी मिळाली. पुढे प्रशिक्षक बदलले. मार्च २०२४ मध्ये पुण्याने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले, तेव्हा कर्णधार अस्लम होता. मॅटवर न उतरताही जुना खेळाडू संघाच्या कामी येतो, तो असा.

'ठेवायचा की सोडायचा' या प्रश्नात मुळात दोनच पर्याय गृहीत धरलेले असतात. तिसरा पर्याय काम बदलून देण्याचा आहे. तो वेळेवर आणि सन्मानाने दिला गेला, तर सातांतील जागा मोकळी होते आणि पंधरा वर्षांचा अनुभव गावातच राहतो.