गळालेला मणी कोणाचा? ज्यू दानधर्माविषयीचे गैरसमज

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात फेब्रुवारी-मार्चात द्राक्षाचा माल निघाला की वेलीवर चार-दोन विरळ घड राहतात, खाली मणी सांडलेले असतात. ते मणीही आता गोळा होऊन बेदाण्यासाठी विकले जातात. ज्यू धर्मशास्त्राने मात्र अशा मण्यावरचा मालकाचा हक्कच काढून घेतला आहे. तोडताना हातून निसटलेला मणी आणि नीट न भरलेला घड गरिबाचा आणि परक्याचा, असं तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या लेवीय ग्रंथाचा 19वा अध्याय सांगतो. मूळ नियम इस्रायलच्या भूमीतल्या शेतीसाठी होता. त्यामागचा विचार मात्र पुढे सगळ्या दानधर्मात उतरला. तरीही ‘ज्यू फक्त ज्यूंचंच बघतात’ हे वाक्य सहज फेकलं जातं. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज : ज्यूंचं दान म्हणजे पुण्यासाठी केलेली दया.

वस्तुस्थिती : दानाला हिब्रूत ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द ‘त्सेदेक’, म्हणजे न्याय, याच धातूतला. मनात आलं तर द्यावं, असा हा मामला नाही; ते देणं आहे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा, ही रूढ रीत. पाचव्या हिश्शापलीकडे जाऊ नये, नाहीतर देणाऱ्यावरच मागायची पाळी येईल. दानावर जगणाऱ्यानेही त्यातलं थोडं दुसऱ्याला द्यायचं असतं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या धर्मशास्त्र्याने दानाच्या 8 पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी अशी : गरजूला कर्ज द्या, धंद्यात भागीदार करा किंवा काम मिळवून द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही.

गैरसमज : बिगरज्यूला दान देणं निषिद्ध आहे.

वस्तुस्थिती : इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही धर्मनियमांची संहिता सांगते, की बिगरज्यू गरीब शेतात सरवा वेचायला आला तर त्याला अडवू नये. मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ असलेला तालमूद आणखी पुढे जातो. ज्यू गरिबांबरोबर बिगरज्यू गरिबांनाही पोसावं, त्यांच्या आजाऱ्यांच्या समाचाराला जावं, त्यांच्या मृतांना मूठमाती द्यावी. 1565मध्ये छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या संहितेतही बिगरज्यू गरिबांना पोसण्याचा नियम कायम आहे.

क्रम मात्र ठरलेला आहे : आधी घरचे, मग गावचे, मग बाहेरचे. आपल्याकडेही गावजेवणाची पहिली पंगत गावाची असते. पण म्हणून पाहुणा उपाशी जात नाही.

गैरसमज : हा सगळा भांडणं टाळण्याचा हिशोब आहे.

वस्तुस्थिती : बिगरज्यू गरिबांना पोसण्यासाठी तालमूदने दिलेलं कारण ‘शांतीच्या वाटांसाठी’ असं आहे, त्यावरून हा आक्षेप येतो. मायमोनिडीसने याच नियमाला देवाच्या सर्व सृष्टीवरील करुणेचा आधार जोडला आहे. त्याच्या लेखी शांती हे धर्माचंच ध्येय होतं.

गैरसमज : व्यवहारात परक्याला फसवायला मुभा आहे.

वस्तुस्थिती : बाजार समितीच्या काट्यापाशी उभं राहून हा नियम वाचावा. माप मारणं निषिद्धच, समोर ज्यू असो वा नसो. चोरीलाही तोच नियम. परक्याची चोरी अधिक वाईट, कारण तिने देवाच्या नावाला बट्टा लागतो, असं जुने शास्त्री सांगतात. शिमोन बेन शेताह या गुरूसाठी शिष्यांनी एका अरबाकडून गाढव विकत घेतलं. गाढवाच्या गळ्यात मोती सापडला, तेव्हा गुरूने तो परत करायला लावला, अशी कथा जेरुसलेम तालमूदमध्ये आहे.

अर्थात सगळे नियम समान नव्हते. व्याज आणि हरवलेली वस्तू यांबाबत जुन्या ग्रंथांत आपला-परका असा भेद आहे, तो लपवू नये. पण तालमूदनेच परक्याकडूनही व्याज न घेणाऱ्याची थोरवी सांगितली. पुढे मेइरी या भाष्यकाराने (जन्म 1249), कायदा आणि धर्म पाळणाऱ्या समाजांना ते भेद लागू नाहीत, असा निर्वाळा दिला.

गैरसमज : ज्यू म्हणजे सावकार आणि त्यांचं दान पुस्तकापुरतं.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायली. कोकणात ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. त्यांच्यातल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875मध्ये मुंबईत समाजासाठी काढलेली शाळा आज सर एली कदुरी शाळा म्हणून माझगावात आहे आणि तिथले बहुतेक विद्यार्थी बिगरज्यू आहेत. बगदादहून मुंबईत आलेले डेव्हिड ससून बडे व्यापारी. त्यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही खरं. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं पुण्याचं ससून रुग्णालय 1867मध्ये तयार झालं. ससून स्वतः 1864मध्येच वारले होते.

आज ते सरकारी रुग्णालय आहे. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथे येतात आणि केसपेपर काढताना धर्मामुळे कोणी परत पाठवला जात नाही. पुढच्या वेळी कोणी ‘ज्यू फक्त ज्यूंचंच बघतात’ म्हणालं, तर त्याला ससूनचं नाव कुठून आलं, एवढं विचारा.